ब्लेड, थिनर, फडकं

तुर्भ्याच्या पुलाखाली, ट्रक टर्मिनलच्या अंगाला
माझं दुकान, सहा बाय आठचं.
रेडियम कापतो. नंबर, नावं, ‘आई एकवीरा’,
आणि गेली नऊ वर्षं
कंपन्या चिकटवतो.

चिकटवतो त्याहून जास्त काढतो, खरं तर.

पहिली आली ती काळी.
पहाटे सहाला पोरं रांगेत,
ज्ञानदेव ढोणे सगळ्यांत पुढे,
सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेला.
दिवसाला बारा फेऱ्या केल्या की वर दोन हजार, म्हणाला,
आणि चहाला म्हणून शंभराची नोट दिली.
त्याच्या बापाने मार्केटात चाळीस वर्षं कांद्याच्या गोणी वाहिल्या,
गोणीमागे वाराई किती, हे अजून त्याच्या पाठीला पाठ.
‘फोन काही गोणी उचलत नाही,’ म्हातारा म्हणाला,
‘मग पैसे देतंय कोण, आणि कशाचे?’
आम्ही हसलो.

मग पिवळी आली, काळीला खाली खेचायला.
भाडं एवढं उतरलं
की सानपाड्याच्या बायका कोथिंबीर आणायला
एसी लावून गेल्या.
मग हिरवी. मग विजेवरची, पाय न वाजवता येणारी.
मग दुचाकीवाली,
जिचा स्टिकर हेल्मेटला लागतो आणि मला सुटतात चार रुपये.
प्रत्येकीचा एक माणूस यायचा, कडक इस्त्रीचा,
हातात टॅब, टॅबवर जगाचा नकाशा
आणि त्यावरून वर वर गेलेली एक रेघ.
रेघेच्या पायथ्याशी मी तुर्भे शोधलं.
नव्हतं.

हरेश्वर म्हात्रे वाचतो हे सगळं.
घणसोलीचा. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट विकून घेतलेली गाडी.
तो सांगतो, परमुलखात कुठेतरी दोघी भांडल्या,
एकीने गाशा गुंडाळला,
पण जाताना दुसरीत हिस्सा घेऊन गेली.
म्हणजे हरली, तरी जिंकण्यात वाटेकरी.
‘आणि आपण?’ पिवळीचा कोपरा उचलत मी विचारलं.
‘आपण काच,’ तो म्हणाला.

काढायलाही रीत असते.
आधी ड्रायरची ऊब, मग ब्लेड आडवं.
घाई केली तर कंपनी अर्धी फाटते
आणि उरलेली अर्धी हट्टाला पेटते.
गोंद राहतोच. त्याला थिनर. मग फडकं.
मग पुन्हा फडकं.

ज्ञानदेवच्या बाराच्या अठरा झाल्या, अठराच्या बावीस,
दोन हजारांचे तीनशे,
डॅशबोर्डवर तीन फोन.
‘तीन सवतींचा संसार,’ म्हणायचा,
‘एकीला हो म्हटलं की दुसरी रुसून रेटिंग पाडते.’
परवा नवी आली: कमिशन नाही,
रोजचे पंचवीस रुपये भरा, बाकी सगळं तुमचं.
म्हातारा पुढच्या सीटवर होता, दवाखान्यातून परतताना.
बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिला.
‘म्हणजे उचलणाऱ्यानेच द्यायची वाराई,’ म्हणाला.
या वेळी कुणी हसलं नाही.

मंगळवारी ज्ञानदेव एकटा आला.
‘सगळं काढ.’
काढलं. ‘आता काय लावू? मुलीचं नाव?’
त्याने काचेकडे पाहिलं,
मग रस्त्यापलीकडच्या डोंगराकडे,
जिथून ऊन थेट गाडीवर उतरत होतं
आणि त्या उन्हात चार चौकोन दिसत होते,
कंपन्यांच्या मापाचे,
बाकीच्या काचेपेक्षा कोरे.

‘राहू दे जागा,’ म्हणाला. ‘येईल कोणीतरी.’

मी निम्मेच घेतले.
काउंटरवरच्या डब्यातली बाई मात्र
सगळ्या टर्मिनलला ऐकू जाईल इतक्या आनंदाने ओरडली,
साठ रुपये
प्राप्त झाले.